छंद आधी कानाला, मग वहीला

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात एका वाचकाचे पत्र वाचले. आजची कविता मुक्तछंदात लिहिली जाते, तेव्हा शाळेतल्या मुलांच्या माथी छंद, वृत्ते आणि अलंकार मारण्यात अर्थ नाही, हे सगळे अभ्यासक्रमातून काढून टाकावे, असे त्यांचे म्हणणे. पत्रातली तळमळ खरी आहे. घरातल्या एखाद्या मुलाचे हाल त्यांनी जवळून पाहिलेले दिसतात. त्यांचे निम्मे म्हणणे मला पटते. उरलेल्या निम्म्यासाठी हे लिहिते आहे.

मी फोंडा तालुक्यात मराठी शिकवले. आता निवृत्त होऊन सावईवेऱ्यात असते, गावच्या महिला भजनी मंडळात गाते आणि मे महिन्याच्या सुट्टीत वाड्यावरची पोरे जमवून त्यांच्याकडून कविता म्हणून घेते. त्यामुळे हा विषय मी वर्गातही पाहिला आहे आणि देवळाच्या सभामंडपातही.

पटते ते आधी सांगते. आपण हा विषय ज्या रीतीने शिकवतो, ती रीत मुलांना कवितेपासून तोडते. पहिल्याच दिवशी फळ्यावर ‘यमाताराजभानसलगा’ हे पाठांतराचे सूत्र येते, त्याखाली आठ गणांचा, म्हणजे तीन-तीन अक्षरांच्या गटांचा तक्ता, त्याखाली वृत्ताचे लक्षण. मुले ते उतरवून घेतात, पाठ करतात, दोन गुण मिळवतात. त्या सगळ्या तासात एकही ओळ मोठ्याने म्हटली जात नाही. अलंकारांचे तर त्याहून वाईट. ‘सारखा, समान, परी’ दिसले की उपमा आणि ‘जणू, गमे, भासे’ दिसले की उत्प्रेक्षा, अशी युक्ती मुलांना दिलेली असते. एकदा एका वर्गात ‘आई जणू बाजारात गेली असावी’ हे वाक्य मी मुद्दाम फळ्यावर लिहिले. जवळजवळ सगळ्या वर्गाने ‘उत्प्रेक्षा’ म्हणून हात वर केले. इथे कशाची कशाशी तुलनाच नाही, ज्याची तुलना करायची ते उपमेय नाही, ज्याच्याशी करायची ते उपमान नाही, हे एकाच्याही मनात आले नाही. ‘जणू’ दिसला, काम झाले. असे शिकवायचे असेल तर पत्रलेखक म्हणतात तेच बरे, काढूनच टाका.

पण मुलांना हे येत नाही, हे मात्र खरे नाही. त्यांना ते आपल्याआधी येत असते.

आपल्याकडच्या कितीतरी मराठी शाळांत सकाळी पसायदान म्हणतात. ‘आता विश्वात्मके देवें, येणे वाग्यज्ञें तोषावें, तोषोनि मज द्यावें, पसायदान हें.’ पहिलीचे पोरगेसुद्धा ‘देवें’, ‘तोषावें’, ‘द्यावें’ या तिन्ही ठिकाणी आवाज एकसारखा उचलते आणि ‘पसायदान हें’वर खाली आणते. हीच ज्ञानेश्वरीतली ओवी. तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि यमकाविना. म्हणून तिला साडेतीन चरणांची म्हणतात. पहिल्या तीन चरणांत अक्षरे किती असावीत याचे कडक बंधन नाही. वरच्या ओवीत ती आठ, आठ, सात अशी आहेत आणि चौथ्यात सहा. चौथ्या चरणात यमक नाही म्हणून ओवी अपुरी वाटते का? उलट तिथेच अर्थ पूर्ण होतो. यमक म्हणजेच कविता असे मानणाऱ्यांनी आणि यमक म्हणजे जुनाट काहीतरी असे मानणाऱ्यांनी, दोघांनीही ही एक ओवी सावकाश म्हणून पाहावी. बायकांच्या गळ्यातली ओवी याहूनही मोकळी. तिथे गळा थांबेल तिथे चरण संपतो.

गोव्यात तर या ओवीचा मान फार मोठा. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि ख्रिस्ताची कथा सांगण्यासाठी त्याने ओवी निवडली. क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापून निघाले, रोमन लिपीत, सुमारे ११,००० ओव्यांचे. ज्याला कसलाही छंद निवडायची मोकळीक होती त्याने ओवीच घेतली, कारण ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांच्या कानात ती आधीपासून होती. त्यातली ही ओवी पाहा:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा
कीं रत्नांमाजि हिरा निळा
तैसी भासांमाजि चोखळा
भासा मराठी

किळा, निळा, चोखळा, आणि मग यमक सोडून ‘भासा मराठी’. रचना पसायदानाचीच. ‘जैसी… तैसी’ ही उपमा. आणि एकाच उपमेयाला एकामागून एक उपमाने जोडली की तिला मालोपमा म्हणतात, तेही इथे आपोआप दिसते. एका ओवीत एवढे सगळे आहे, आणि लेखन इथलेच, गोव्यातले. हे सोडून कुठल्या तरी गाईडातली कोरडी उदाहरणे आपण मुलांना का देतो, ते मला अजून उमगलेले नाही.

आता अभंग. आमच्या मंडळात बहुतेक बाया घरी कोकणी बोलणाऱ्या. काहींचे शिक्षण चौथीपर्यंत. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ हा तुकोबांचा रूपाचा अभंग त्यांना कधीही उठवून विचारा. बोटांवर मोजा: सुं-द-र-ते-ध्या-न, सहा. उ-भे-वि-टे-व-री, सहा. क-र-क-टा-व-री, सहा. ठे-वो-नि-या, चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. हा मोठा अभंग. ‘जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले’ यात आठ-आठ अक्षरांचे दोनच चरण आणि शेवटी यमक, तो छोटा अभंग. यात अक्षर ह्रस्व की दीर्घ हे बघायचे नाही, प्रत्येक अक्षराचे वजन सारखे. ‘सुं’लाही एक आणि ‘द’लाही एक. भजनात चौथा चरण आखूड असतो तिथे टाळांना जागा मिळते आणि गाणारीला दम घ्यायला मिळतो. आमच्यातल्या एका वयस्क बाईंना मी हे मोजून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘म्हणूनच नवीन लोकांनी लिहिलेले काही अभंग गळ्यात बसत नाहीत होय!’ त्यांना लक्षण ठाऊक नव्हते, पण दोष बरोबर कळत होता.

श्रावणात वास्कोला दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालते. गावोगावच्या देवळांत सप्ताह होतात, कला अकादमी भजनाच्या स्पर्धा घेते, त्यांत शाळकरी मुलांची पथके उतरतात. एवढा अभंग ज्या मुलांच्या कानावर आणि हातावर आहे, त्यांनाच वर्गात ‘अभंगाचे लक्षण लिहा’ म्हटले की ती गडबडतात. पखवाज वाजवणारा मुलगा मराठीच्या पेपरात छंदाचा प्रश्न सोडून देतो. देवळातला अभंग आणि पुस्तकातला अभंग एकच आहे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

गेल्या सुट्टीत मी मुलांना सांगितले, वही बंद ठेवा, टाळ्या वाजवून सहा-सहा-सहा-चार बसवा आणि घराभोवती जे दिसते त्यावर चार चरण करा. सातवीतल्या एका मुलाचे घर कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत. त्याने पहिल्यांदा म्हटले: ‘माझ्या कुळागरी, पोफळी वाऱ्याने वाकल्या, आणि काहीतरी बोलल्या.’ पहिला चरण बसला. दुसऱ्यावर टाळ्या वाजवताना तो स्वतःच थांबला. पो-फ-ळी-वा-ऱ्या-ने-वा-क-ल्या, नऊ झाली. तीन जास्त. मी काही बोलले नाही. त्याने ‘वाऱ्याने’ काढून टाकले. ‘पोफळी वाकल्या’, सहा, ठीक. पण वारा गेला याची त्याला चुटपुट लागली. बराच वेळ तोंडातल्या तोंडात पुटपुटत बसला आणि मग त्याने हे म्हटले:

माझ्या कुळागरी
पोफळी वाकल्या
वाऱ्याशी बोलल्या
काही तरी

आधी पोफळी वाऱ्याने वाकत होत्या. आता त्या वाऱ्याशी बोलू लागल्या. ‘ने’चा ‘शी’ झाला आणि निर्जीव कारणाचा सोबती झाला. ही कल्पना त्याच्या डोक्यात आधी नव्हती. अक्षरे कमी पडली म्हणून त्याला ती शोधावी लागली, आणि शोधली तेव्हा सापडली. छंद म्हणजे कल्पनेला घातलेली बेडी असे पत्रलेखकांना वाटत असेल, तर त्यांनी हे चार चरण परत एकदा वाचावेत अशी माझी मनापासून विनंती आहे. त्यानंतरच मी त्याला सांगितले की झाडे, वारा, दगड माणसासारखे वागू-बोलू लागले की त्या अलंकाराला चेतनगुणोक्ती म्हणतात. ते नाव तो आता विसरणार नाही, कारण ते त्याच्या स्वतःच्या पोफळींचे नाव आहे.

माधव ज्युलियनांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात मराठी पद्याचे छंद, जाती आणि वृत्त असे तीन वर्ग केले. मुलांना मी ते असे सांगते: छंदात नुसती अक्षरे मोजायची, जातीत मात्रा मोजायच्या, आणि वृत्तात अक्षरांची संख्या तर ठरलेली असतेच, शिवाय कुठले अक्षर लघू आणि कुठले गुरू हा क्रमही ठरलेला असतो. ह्रस्व अक्षर लघू, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन. अनुस्वार असलेले किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात ज्याच्यावर पडतो ते ह्रस्व अक्षरही गुरूच. एवढे कळले की पुढचे सगळे कानाने करता येते. लघूला टिचकी, गुरूला टाळी.

मात्रांची गंमत पाहायची तर आपल्या बोरीच्या बाकीबाबांकडे, म्हणजे बा. भ. बोरकरांकडे जावे. ‘गडद निळे गडद निळे जलद भरुनि आले, शीतलतनु चपलचरण अनिलगण निघाले’ या ओळी मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत अनुप्रासाचे उदाहरण म्हणून येतात. महाराष्ट्रभर मुले त्या पाठ करतात. आमची मुलेही करतात, आणि त्यातल्या कितीजणांना हे ठाऊक नसते की या ओळींचा कवी बसने अर्ध्या-पाऊण तासावरच्या गावचा. अनुप्रास तर आहेच. ड, द, ल, न ही अक्षरे पुन्हापुन्हा येऊन ढगांची दाटी होते आणि पुढच्या ओळीत बहुतेक सगळी हलकी, लघू अक्षरे वाऱ्याबरोबर पळू लागतात. पण आता मात्रा मोजा. गडद निळे, सहा. गडद निळे, सहा. जलद भरुनि, सहा. आले, चार. दुसरी ओळ: शीतलतनु, सहा. चपलचरण, सहा. अनिलगण नि, सहा. घाले, चार. तुकोबांच्या अभंगात जी सहा-सहा-सहा-चार अक्षरे, तीच इथे सहा-सहा-सहा-चार मात्रा! मी हे पहिल्यांदा मोजले तेव्हा दिवसभर त्याच आनंदात होते. कवीने ते जाणून केले की देवळातले भजन कानात मुरले होते म्हणून झाले, यावर मी काही बोलणार नाही. पण मुलांना हे शोधू दिले तर वर्गात किती आनंद होतो तो मी पाहिला आहे. एकीने तर विचारले, ‘बाई, मग ही कविता भजनाच्या चालीत बसेल?’ आणि आम्ही बसवून पाहिली.

जातीचे दुसरे नमुनेदार उदाहरण म्हणजे आर्या. जुन्या लोकांच्या तोंडी एक आर्या असायची: ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंतांची.’ कुठल्या कवीचा हात कुठल्या रचनेवर बसला होता हे एका दमात सांगणारी ही ओळ स्वतःच आर्येच्या जातीतली. मात्रा मोजल्या की बारा, अठरा, बारा, अठरा भरतात. आर्येच्या या प्रकाराला गीती म्हणतात आणि मोरोपंतांच्या आर्या बहुतेक याच घाटाच्या. मुलांना व्याख्या देण्याऐवजी ही एक ओळ द्या आणि मात्रा मोजायला सांगा. कवी, त्यांच्या रचना आणि जातीचे माप, तिन्ही एकदम पदरात पडते.

आणि वृत्त. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ म्हणताना पोरे आपोआप डुलतात. मना-सज्, ज्जना-भक्, क्तिपं-थे, चिजा-वे, असे तुकडे करून टिचकी-टाळी-टाळी चार वेळा वाजवून घ्या. लघू-गुरू-गुरू म्हणजे य गण, तो चार वेळा, बारा अक्षरे, झाला भुजंगप्रयात. समर्थांनी २०५ श्लोक या एका चालीत लिहिले.

पण वृत्त अजून जिवंत आहे ते लग्नाच्या मांडवात. ‘स्वस्ति श्रीगणनायकं गजमुखं मोरेश्वरं सिद्धिदं’ हे शार्दूलविक्रीडित. एकोणीस अक्षरे, म स ज स त त आणि शेवटी एक गुरू. बाराव्या अक्षरावर, म्हणजे ‘गजमुखं’ नंतर, यती, म्हणजे ठरलेला थांबा. लग्नसराईत लोक माझ्याकडे घरी रचलेली मंगलाष्टके तपासायला आणतात. मामाने, आत्याने हौसेने लिहिलेली असतात आणि प्रत्येकाला वधूवरांची नावे त्यात हवी असतात. नाव कुठे बसेल हे त्या नावाच्या लघू-गुरूवर अवलंबून. समजा मुलगी सविता. लघू, लघू, गुरू. ती ओळीत चौथ्या अक्षरापासून बसते किंवा दहाव्यापासून. मुलगी सुनंदा असेल तर लघू, गुरू, गुरू. ती पंधराव्यापासून नीट बसते. अकराव्यापासूनही क्रम जुळतो, पण मग बाराव्यावर यती येतो आणि नाव ‘सुनं’ आणि ‘दा’ असे मधोमध तुटते. भटजी तिथे श्वास घेतील तेव्हा मांडवात सगळ्यांच्या कानाला खटकेल. हे लोकांना समजावले की ते हरखून जातात. शाळेत ज्याचा तिटकारा आला होता तेच वृत्त त्यांना भाचीच्या लग्नात उपयोगी पडते. पत्रलेखकांना विचारावेसे वाटते, हे जुने झाले म्हणायचे तर या अक्षता टाकायच्या कशावर?

अलंकारांबद्दल थोडे अजून. मुलांना मी एकच गोष्ट तीन तऱ्हांनी म्हणायला लावते. चवथीच्या दिवसांत घराघरांत घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर घुमट आरती चालते आणि बाहेर पत्र्यावर पाऊस असतो. ‘पाऊस घुमटासारखा वाजतो’ ही उपमा. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मान्य करून त्यांच्यातले साम्य दाखवले. ‘हा पाऊस जणू घुमटच’ ही उत्प्रेक्षा. आता पाऊसच घुमट आहे की काय अशी कल्पना केली. ‘पावसाचे घुमट रात्रभर वाजले’ हे रूपक. भेद संपला, दोन्ही एकच झाले. सारखेपणापासून एकरूपतेकडे कसे जाता येते ते तीन वाक्यांत कळते आणि मुले लगेच स्वतःची तीन वाक्ये करू लागतात. ‘जणू’ कुठे आहे हे शोधावे लागत नाही. अतिशयोक्ती शिकवावी लागत नाही, ती मासळीच्या बाजारात ऐकायला मिळते. श्लेष दशावतारात आडदशावताराच्या, म्हणजे सुरुवातीच्या विनोदी भागाच्या वेळी संकासुराच्या तोंडी ऐकावा. दृष्टांत कीर्तनकाराकडून. अनन्वय, अपन्हुती, ससंदेह वगैरे पुढच्या इयत्तांत आले तरी चालेल. एकदम पंधरा अलंकारांची यादी दिली की एकही मुरत नाही.

आता मुक्तछंद, जो पत्रलेखकांचा मुख्य मुद्दा. मुक्तछंद म्हणजे छंदाचा अभाव असे समजणे चुकीचे आहे. तिथे ओळ कुठे तोडायची, कुठला शब्द पुन्हा आणायचा, श्वास कुठे सोडायचा, हे कवीला प्रत्येक कवितेसाठी नव्याने ठरवावे लागते. बाहेरचे माप नसते म्हणून आतली लय जास्त जपावी लागते. मराठीत मुक्तछंदाचा आग्रह धरणाऱ्या कवी अनिलांनीच पुढे दहा ओळींची ‘दशपदी’ घडवली. ज्यांनी बंध सोडले त्यांनीच नवा बंध घातला. केशवसुतांनी चौदा ओळींचे सुनीत मराठीत आणले, शिरीष पै यांनी तीन ओळींचा हायकू रुजवला, सुरेश भटांनी गझल घराघरांत नेली. गझलेत तर प्रत्येक शेर अर्थाने स्वतंत्र आणि तरी सगळे शेर एकाच वृत्ताने, काफियाने म्हणजे यमकाने आणि रदीफाने म्हणजे यमकानंतर पुन्हापुन्हा येणाऱ्या त्याच शब्दांनी बांधलेले. म्हणजे नवी कविता रचनाबंध टाकून देत आलेली नाही, नवे घडवत आली आहे. ज्याच्या कानाला एकही बंध ठाऊक नाही त्याला मुक्त काय झाले हेही कळणार नाही. परवा एका कवितास्पर्धेत परीक्षक म्हणून बसले होते. आलेल्या बहुतेक कविता गद्य वाक्ये तोडून एकाखाली एक लिहिलेल्या, नाहीतर ओढूनताणून यमक जुळवलेल्या. दोन्हींचे कारण एकच. त्या लिहिणाऱ्यांनी स्वतःची कविता एकदाही मोठ्याने म्हटली नव्हती.

म्हणून माझे मागणे असे. लक्षण पाठ करून घेणे बंद करावे, आणि त्या जागी दररोज दहा मिनिटे, टाळ्या-टिचक्यांसकट, कविता म्हणण्याचा पाठ ठेवावा. गावच्या भजनी बुवांना वर्षातून चार-पाच वेळा तरी शाळेत बोलवावे. त्यांच्याइतका अभंग कुणालाच ठाऊक नाही आणि ते आनंदाने येतील. परीक्षेत ‘अलंकार ओळखा’ऐवजी ‘या ओळीत कवीने काय केले ते सांगा’ असे विचारावे आणि नावाला गुण कमी, समजेला जास्त द्यावेत. कवितास्पर्धा घेणाऱ्या संस्थांनी एक वर्ष फक्त ओवी, एक वर्ष फक्त अभंग अशी स्पर्धा ठेवून पाहावी.

आणि आपल्या दैनिकालाही एक विनंती. बालपुरवणीत कविता छापताना स्तंभ अरुंद असल्यामुळे चरण मधेच तुटतात. ‘उभे विटेवरी कर’ इथे ओळ संपते आणि ‘कटावरी’ खाली जाते. मोठ्यांचे डोळे ते सांधून घेतात, पण मुलाला वाटते चरण तिथेच संपला. चरण पूर्ण बसेल एवढी जागा कवितेला द्यावी, हवे तर एक कविता कमी छापावी. शिवाय दर आठवड्याला एक रचना, तिच्या मात्रा किंवा अक्षरे खुणांनी दाखवून, एवढ्याशा चौकटीत दिली तर कितीतरी शिक्षक ती कापून वर्गात लावतील. मजकूर मी विनामोबदला लिहून द्यायला तयार आहे.

आमचे मंडळ दर एकादशीला संध्याकाळी देवळात बसते. फोंडा तालुक्यातल्या कुठल्याही शाळेने मुलांना घेऊन यावे. टाळ आमच्याकडे आहेत.

आपली वाचक,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
सावईवेरे, फोंडा-गोवा